सलीमभाई कोणाकडे बघतात?

आमचे शेजारी सलीमभाई बांगड्या भरत ते तुमचा हात हातात घेऊन, पण नजर समोरच्या पिठाच्या गिरणीकडे लावून. डावा डोळा जन्माचा तिरळा. काच मात्र कधी तडकली नाही. पालुपद एकच, "हात ढिला सोडा, वहिनी."

लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा मी स्वतःला मोठी रूपवान समजत असे. माझा हात धरून हा माणूस खुशाल गिरणीवाल्याला न्याहाळतो? मी तणतणत सासूबाईंकडे तक्रार केली. त्या हसून हसून पाटावरून घसरल्या. गल्लीतल्या लाजाळू बायकांना मात्र हीच मोठी सोय वाटे.

स्वस्थ बसणं भाईंना ठाऊक नाही. गिऱ्हाईक नसलं की आतबाहेर, आतबाहेर. पण खरा जाच त्यांच्या बायकोला, रुखसानाभाभीला. "मन्हासंगे बोली ऱ्हायनात का भितडासंगे?" माझ्याशी की भिंतीशी, हे विचारण्यात तिचा संसार गेला. भाईंना तेच सलायचं. हिला एकदा तरी कळावं, आपण हिच्याकडेच बघतो.

नातवंडं शाळेत जायला लागली आणि भाई उठले, "माले हाऊ डोया सीधा करना शे."

"अब्बा, आता?" मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं, नजर वाढणार नाही, डोळा पुरता सरळ होईलच असंही नाही. बारीकशा छेदातून डोळ्याचा स्नायू जरा सरकवायचा, छेद पापणीआड लपतो.

"म्हंजे बांगडी नही फोडता काढानी," भाई म्हणाले. "जमी."

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात सोबत मी आणि भाभी. भाई बाकावर टेकतील तर शपथ! दारापर्यंत जात, परत येत, चपला घालत, काढत, नर्सला नंबर विचारत. शेवटी मीच ओरडले, "भाई, हात ढिला सोडा!" भाभी हसली, पण ओढणीचं टोक चावत.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डोळा मिरचीसारखा लाल, पण जोडीदाराच्या रांगेत. समोर भाभी उभी. भाई तिच्याकडे बघत बसले, अगदी न हलता.

भाभीनं सवयीनं मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. मागे नुसती भिंत. मग तिनं ओढणी पुढे ओढली. "असं काय देखतस? लोके शेतस ना!"

"मी तं पहिलेपासून तुन्हाकडेच देखी ऱ्हायनू," भाई हळूच म्हणाले. "तुले आज समजनं."