कॉलरच्या तालावर

चहाचा कप खाली ठेवून मास्तरांनी जाहीर केलं, "आज मी एकटा दुकानात जाणार. मागे कुणी आलं तर माझ्याशी गाठ आहे!"

घर ते शिलाईचं दुकान मोजून दोनशे पावलं, मध्ये एक चौक. पण कंपवात जडल्यापासून मास्तरांचे पाय मनात येईल तिथे खिळायचे. डोकं म्हणे चल, पाय म्हणत तूच जा. दोनदा पडून झालं होतं. पुन्हा पडलात तर दुकानाला कुलूप, असं मुलाने बजावलं होतं. मास्तरांचा तर सगळा जीव त्या दुकानात.

दवाखान्यात संगीताने उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं, चालण्याचा आतला ताल चुकू लागला की बाहेरून द्यावा, पुष्कळांचे पाय तो पकडतात. मास्तरांना याचं भारी नवल वाटलं. पाय कानाचं ऐकतात आणि मालकाचं नाही? बाईंनी गाणी लावली, टाळ्या वाजवल्या. मास्तर ढिम्म. गाण्याशी त्यांचं जन्मात जमलं नव्हतं. शेवटी बाईंनी विचारलं, चाळीस वर्षं कानावर काय पडलं?

"पायमशीन," मास्तर म्हणाले.

मग ते शर्ट शिवत असताना बायकोने मशीनची खटखट फोनवर भरून घेतली. त्या आवाजावर मास्तरांनी दवाखान्याचा व्हरांडा असा पार केला की बाईंनी तोंडात बोट घातलं. व्हरांडा आखूड होता आणि शर्टाच्या बाजूची टीप लांब होती, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तर मास्तर कानात मशीन घेऊन निघाले. किराणावाला मागे पडला, इस्त्रीवाला मागे पडला, स्वारी चौकात उतरली. आणि बरोब्बर मधोमध बाजूची टीप संपून कॉलर सुरू झाली.

कॉलर शिवताना टोकाशी थांबावं लागतं. कापड फिरवायचं आणि पुढे निघायचं. मास्तर चार पावलं चालले, थांबले, काटकोनात वळले. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळण. चारी बाजूंनी भोंगे केकाटू लागले. हवालदार धावत आला.

"आजोबा, काय चाललंय?"

"कॉलर."

हवालदाराने दंड धरायला हात पुढे केला. मास्तर म्हणाले, हात नको, ताल द्या. बिचाऱ्याला त्यातलं काय कळणार? पण कवायतीत त्याचा जन्म गेला होता. त्याने "डावा, उजवा" सुरू केलं आणि दोघे गुडघे उचलत थेट दुकानापर्यंत आले. बापाला पोलिसासोबत येताना पाहून मुलाची बोबडी वळली.

"एकटाच आलो," मास्तर म्हणाले. "हे वाटेत भेटले."

मुलाने उद्याची एक संधी दिली, तीही शेवटची. दुपारीच मास्तरांनी कॉलर बाद करून पडदा शिवायला घेतला. पडद्याला सरळ टीप, ना टोक ना वळण. बायको फोन धरून शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानाच्या पायरीवर वाट पाहत उभा. मास्तर दिसले. चौक त्यांनी झोकात ओलांडला. मुलाचे डोळे भरून आले, त्याने आत जाऊन खुर्ची पुसली. बाहेर येतो तर मास्तर दुकानावरून पुढे निघालेले! तो अनवाणीच मागे धावला आणि बसथांब्याच्याही पलीकडे त्यांना गाठलं. त्याला धाप लागली होती, मास्तरांना नाही.

"बाबा, दुकान मागे राहिलं!"

"दिसलं मला. टीप अर्ध्यात कशी सोडू?"

"मग थांबणार कधी?"

"पडदा संपला की," मास्तर न थांबता म्हणाले. "पण तुझ्या आईने जोडी भरून दिली आहे."