अक्काच्या चुलीकडे जाणारं जहाज

आमच्या गोदीने बांधलेलं पहिलं लोखंडी, मळसूत्री पंख्याचं जहाज फक्त माझ्या अक्काच्या चुलीकडे जातं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण एका जागी बसून गोष्ट लांबवणं मला जमत नाही. चूक माझीच. जहाजाच्या कण्याची रेघ आखायची होती आणि मोजणीची शेवटची काठी कुणीतरी सरपणाला नेली होती. मला घाई होती, भूक लागली होती, आणि खाडीकाठी आमच्या घरातून धूर निघत होता. मी त्या धुरावर रेघ धरली. तिच्यावर कणा पडला, फासळ्या उभ्या राहिल्या, पत्रे चढले. दोन वर्षं तीस माणसं बाहेरून तापल्या रिवेटांवर घण घालत होती आणि मी आतून, लोखंडी ठोकळा छातीशी लावून, रिवेटचं डोकं दाबून धरत होतो. एकूण एक घाव पत्र्यातून, ठोकळ्यातून माझ्या बरगड्यांत यायचा.

लोखंड ठोकताना ज्या बाजूला तोंड करून असतं ती बाजू ते लक्षात ठेवतं, हे गोदीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर लोखंडी जहाजात होकायंत्राशेजारी चुंबक बसवतात. आमच्या जहाजाने दिशा नाही, चूल लक्षात ठेवली. मीही. तेव्हापासून मी कसाही बसलो तरी हळूहळू वळतो आणि तोंड चुलीकडे होतं.

‘वेगवती’ पाण्यात उतरली तेव्हा लोखंड बुडताना बघायला अख्खा गाव आला होता. ती बुडली नाही. पंख्याचा दांडा ज्या भोकातून बाहेर जातो तिथे आम्ही कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या, थेंबभर पाणी आत आलं नाही. गोदीचे अधीक्षक ओगले साहेब खूश झाले आणि त्यांनी एडनचा हुकूम दिला. वाफ चढली, पंखा फिरला, जहाज जागच्या जागी वळलं आणि चिखल चढून आमच्या अंगणात आलं. दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांपासून तीन हातांवर थांबलं.

अक्का पळी घेऊनच बाहेर आली. “हे काय?”

“जहाज,” ओगले साहेब म्हणाले. “बाई, चूल दुसरीकडे हलवता येईल का?”

“कुठे?”

“एडनला.”

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. साहेबांनी कागद काढला. चूल आली नाही तर जहाज मोडीत निघणार होतं, आणि धुरावर रेघ आखणाऱ्या परशुरामाला तुरुंग. अक्का उभ्या जन्मात खाडी ओलांडून गेली नव्हती. तिने कागद ऐकला, आत जाऊन आमटी उतरवली आणि म्हणाली, “मेल्या, लहानपणापासून सांगतेय, उपाशीपोटी काम करू नकोस.” मग चूल उचलायला चार माणसं मागितली.

चूल आधी जहाजाच्या मागच्या अंगाला ठेवली. जहाज आपल्याच शेपटामागे तीन दिवस गोल फिरत राहिलं. पुढे ठेवल्यावर सरळ निघालं. डावीकडे न्यायचं तर चूल डावीकडे न्यायची, उजवीकडे तर उजवीकडे. कप्तानाने हे ताबडतोब मान्य केलं. नोंदवहीत अक्काला सुकाणूच्या भागांमध्ये लिहिलं.

“अक्का, जरा डावीकडे! पुढे खडक आहे!” कप्तान पहिल्याच दिवशी ओरडला.

“भात शिजतोय. अर्ध्या भातावर चूल हलवत नाहीत.”

खडक एका हाताने चुकला. ते हातभर अंतर मी काठावरून पाहिलं. मला सोबत नेत नव्हते. साहेब म्हणाले, “परशुराम, तू इथेच हवास. जहाज कुठे आहे ते आम्हाला तुझ्यावरूनच कळणार.”

कचेरीत माझ्यासाठी फिरतं स्टूल करून घेतलं. त्याखाली फरशीवर दिशा रंगवल्या. रोज दुपारी बाराला मी स्टुलावर बसायचो, पाय उचलायचो आणि फिरत फिरत थांबायचो. साहेब लिहायचे, “वेगवती, पश्चिम.” मग मी येरझाऱ्या घालायचो. जेवण जाईना. घरी चुलीच्या जागी मातीचा गोल डाग राहिला होता, तिकडे बघवत नव्हतं. वाऱ्याने कवाड वाजलं तरी मी उठून उभा राहायचो. माझ्या भुकेपायी म्हातारी समुद्रावर पाठवली, हे डोक्यातून जाईच ना.

दीड महिन्याने माझं तोंड एडनच्या रेघेवर आलं आणि तिथेच राहिलं. अकरा दिवस.

“थांबलंय,” साहेब म्हणाले.

“का पण?”

“‘का’साठी नोंदवहीत रकाना नाही.”

मग मी पुन्हा हलायला लागलो. रोज थोडा, कधी इकडे, कधी तिकडे. नेहमीपेक्षा फार सावकाश. मला वाटलं, बॉयलर गेला. मला वाटलं, फळीवर चूल आणि चुलीला धरून अक्का, एवढंच उरलंय. हे साहेबांना सांगितलं आणि त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी स्टूल पुसून घेतलं.

काल दुपारी बाराला मी पाय उचलले. स्टूल समुद्रावरून सरकलं, दारावरून सरकलं आणि आमच्या घराच्या बाजूला तोंड करून थांबलं.

“तिकडे पाणी नाही,” साहेब म्हणाले. “पुन्हा बस.”

पुन्हा बसलो. पुन्हा घर.

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, “जहाज बेपत्ता. परशुराम बिघडला.” शाई वाळायच्या आत मी धावत सुटलो.

छपरातून धूर निघत होता. आत अक्का फुंकणीने जाळ फुंकत बसली होती. चूल मातीच्या डागावर बरोब्बर बसली होती. एडनला पाणी मचूळ, भात सुटा होईना, म्हणून ती चूल घेऊन उतरली होती आणि खजुराच्या गलबतातून परत आली होती. मी तिच्या पायाशी बसलो. एवढ्या जवळ आल्यावर मला वळायला बाजूच उरेना, मी पाटावर गरगरायला लागलो.

“अरे, हाडं दिसतायत तुझी! काय खात होतास?”

“काही नाही.”

“वाटलंच मला. तिथे जिवाला चैनच पडेना,” ती म्हणाली आणि तिने माझा खांदा धरला, तेव्हा मी थांबलो.

चुलीवर मोठं तपेलं होतं. दोघांना एवढा भात कशाला, मी विचारलं.

“तीस माणसं आहेत ना जहाजावर. मागून येतायत.” तिने झाकण ठेवलं. “जा, दोरीवरचे बोंबील आत घे.”