बाबलला दिसतं ते मागचं

बाबल मालवणात जन्मला, मालवणात वाढला आणि आज मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत पर्यटकांची होडी चालवतो. सीझनमध्ये सकाळी होडीत चढतो तो दिवस मावळताना उतरतो. असा माणूस घरी येऊन, हातपाय धुऊन, माडाच्या झापांवर अंग टाकून मोबाईलवर काय बघत असेल? सिनेमा? क्रिकेट? छे. बाबल मालवणचे व्हिडिओ बघतो.

तेही साधेसुधे नाहीत. पुण्या-नाशकाकडचे पावणे येतात, तीन दिवस मासे खातात आणि जाताना मोबाईलवर एक लांबच लांब व्हिडिओ टाकून जातात. "नमस्कार मंडळी, आज आपण आलोय तळकोकणात," असं म्हणून सुरू होणारे. ते सगळे बाबल बघतो. पळवत नाही, मध्येच बंद करत नाही, जाहिरातीसुद्धा सोडत नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, पुढे ने मरे." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या पंगतीतून उठून गेलोय.

"पावण्याक वाटेत सोडून कसां जावचां रे? बिचारो पुण्यासून इलो हा."

गावात सगळे त्याला हसतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? किल्ला घराच्या पडवीतून दिसतो आणि हा पठ्ठ्या पडवीकडे पाठ करून तोच किल्ला हाताएवढ्या काचेत बघतो. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "सीझनात माका मालवण खंय दिसता? माका दिसतत ती पावण्यांची डोकी आणि लाइफ जॅकेटाचो पट्टो."

पण खरी गंमत पुढेच आहे. बाबल व्हिडिओतल्या माणसाकडे बघतच नाही. पावणा सुरमईचा काटा काढत असो, नाहीतर बायकोला समुद्र दाखवत असो, बाबलची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे. "मेल्या, तू तेचो चेहरो कित्याक बघतंस? पाठी बघ, पाठी!" हे त्याचं पालुपद. पाठीमागे कोण जाळं विणतंय, कोणाच्या अंगावर नवा शर्ट आहे, कुणाची म्हैस बंदरावर मोकाट सुटलीये, याची त्याला खडान्‌खडा माहिती. एकदा त्याने मला हाक मारून बोलावलं आणि मोबाईल नाकाला लावला. कुठल्याशा नवरा-बायकोच्या व्हिडिओत, त्यांच्या मागे, एसटी स्टँडच्या खांबाला टेकून मी उभा होतो.

"ह्यो बघ तू! तोंड बघ तुजां. एस्टी चुकली काय नोकरी गेली, कायव कळाक मार्ग नाय."

मी बघितलं. एसटी चुकली नव्हती, नोकरी गेली नव्हती. मी फक्त कामावरून येत होतो.

या सवयीपायी बाबलचं लग्नही हुकलं. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या काकींनी, वैभववाडीकडची एक मुलगी बघायचं ठरवलं. बाबल, काकी आणि गाडीचं दार उघडायला मी, असे तिघे गेलो. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पुढ्यात बसून उठून गेली. बाहेर ओट्यावर तिच्या वडिलांनी मोठ्या अदबीने विचारलं, "मग, कसं काय वाटलं?" बाबल विचार करून, शुद्ध मराठीत म्हणाला, "मागची भिंत ओली आहे. पागोळीचं पाणी आत येत असणार."

त्या माणसाने आम्ही येणार म्हणून नुकताच घराला रंग दिला होता.

परतीच्या वाटेवर काकी डोंगर नाही की नदी नाही, कशाकशाकडे बघायला तयार नव्हत्या. कणकवली आली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शिरा पडो तुज्या तोंडार! चेडवाचां नाक तरी बघितलंस?"

"दोन डोळे होते," बाबल म्हणाला. "तितकां आठवता."

बाबल आणि मी एकाच वर्गातले, एकाच आषाढातले. यंदा आम्हाला दोघांनाही तीस पूर्ण झाली. मी जवळच्या कट्टा गावात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. सकाळच्या एसटीने जातो, लोकांना सुया टोचतो, संध्याकाळच्या एसटीने येतो. तिशी आली हे मला आरशाने नाही सांगितलं, एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं. हात पुढे करून ती म्हणाली, "काका, दुखणार नाही ना?" दुखलं. मला.

तिशीबद्दल लोक काहीबाही बोलतात. मला तर फक्त दमल्यासारखं वाटतं, आणि कशाने दमलो ते सांगता येत नाही. घरी येऊन जेवायला बसलो की मोबाईलवर काहीतरी लावावं म्हणतो. काय लावायचं हे ठरवता ठरवता भात संपतो. दहा मालिका सुरू केल्यात, एकीचाही शेवट मला ठाऊक नाही. हिमालयात जायचं म्हणून मोबाईलवर कितीतरी पानं साठवून ठेवलीत. सॅकही घेतली होती. सध्या तिच्यात आई कांदे ठेवते. प्रत्यक्षात माझा प्रवास म्हणजे मालवण ते कट्टा आणि कट्टा ते मालवण.

माझ्या वाढदिवसाच्या दिवशी रविवार होता. बाहेर पाऊस कोसळत होता, होड्या वाळूत ओढून झापांखाली झाकून ठेवल्या होत्या. मी बाबलकडे गेलो तर हा नेहमीसारखा आडवा, मोबाईल छातीवर. त्या दिवशी मला कोण जाणे का, राग आला. म्हटलं, "बाबल, तीस वर्सांचो झालंस. ह्यां काय बघीत रवतंस दिवसभर?"

तो उठून बसला. मोबाईल उलटा ठेवला.

"आपाचां गाऱ्हाणां सोधतंय," म्हणाला.

आपा म्हणजे त्याचे वडील. दोन पावसाळ्यांपूर्वी गेले. आमच्या बाजूच्या सगळ्या होड्यांचं गाऱ्हाणं आपा घालत. जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: गाऱ्हाणं म्हणजे देवाशी समोरासमोर बोलणं. मंत्र नाही, पोथी नाही. नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि आपल्या बोलीत देवाला काय ते मागायचं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून जोर द्यायचा. नारळी पौर्णिमेला गाऱ्हाणं झाल्याशिवाय आमच्याकडे होडी पाण्याला लागत नाही. आणि तो मान बाबलच्या घराचा, आजोबाच्या आजोबापासून. गेल्या वर्षी आपांना जाऊन वर्ष सरलं नव्हतं म्हणून शेजारच्या दाजी तांडेलांनी घातलं. यंदा बाबलनेच घालायला हवं. नाही जमलं तर मान दाजींच्या घरी जाईल आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

"माका येक शब्द येणा नाय," बाबल म्हणाला. "आपा बोलत होतो तेवा मी होडयेच्या दोरयेकडे बघी होतंय."

"कोणी तरी मोबायलात घेतलां असात की."

"कोण घेतलो? सगळ्यांचे हात जोडलेले."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गाऱ्हाण्याला गावातल्या कुणाचेही हात मोकळे नसतात. हात मोकळे असतात ते फक्त पावण्यांचे. म्हणून हा माणूस दोन वर्षं लोकांच्या सहली बघत होता. कुणाच्या तरी खांद्यामागे कधीतरी आपा बोलताना सापडतील, एवढ्या आशेवर. मला त्या वैभववाडीच्या भिंतीवर हसल्याची लाज वाटली.

त्या दिवसापासून मीही बघायला लागलो. येता-जाता एसटीत, लॅबमध्ये रिपोर्ट येईपर्यंत. माणसाला बघायला काहीतरी ठरलेलं असलं की किती बरं वाटतं! आपा आम्हाला पुष्कळ ठिकाणी सापडले. विडी ओढताना, पावण्यांच्या पोरांना ओरडताना, एका ठिकाणी तर चक्क धोतर झटकताना. पण बोलताना नाही.

आणि मग पौर्णिमा चार दिवसांवर आली असताना मला मिळालं. एक गोरा, गुबगुबीत गृहस्थ धक्क्यावर उभा आणि मागे नारळ घेऊन आपा. भोवती हात जोडलेली माणसं. मी एसटीतून उतरलो तो धावतच बाबलकडे गेलो.

काकी, बाबल आणि मी, तिघांनी माना जवळ घेतल्या. आपांचा आवाज आला, "बा देवा रामेश्वरा..." बाबल आणखी पुढे झुकला. तेवढ्यात गुबगुबीत गृहस्थ म्हणाला, "इथे काहीतरी लोकल कार्यक्रम चाललाय. तोपर्यंत मी तुम्हाला कालच्या सोलकढीबद्दल सांगतो." आणि त्याने सांगितलं. सोलकढी पातळ होती इथपासून वाटीला टवका होता इथपर्यंत. मागे आपांचे ओठ हलत होते, आणि मध्येमध्ये नुसतं "व्हय म्हाराजा" ऐकू येत होतं. सोलकढी संपली तेव्हा नारळ पाण्यात गेलेला होता.

बाबलने ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. आवाज वाढवला, कान चिकटवला. सोलकढी काही घट्ट झाली नाही.

काकी काचेवर बोट फिरवत होत्या. त्यांनी ओठांकडे बघितलंच नव्हतं. म्हणाल्या, "शर्टाचां बटन तुटलेलां. माका सांगूक नाय तेणी."

मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिल्या. बाबलने मोबाईल बंद केला. मी म्हटलं, दाजींना विचारूया, त्यांचंच पाठ कर. तो म्हणाला, "दाजी दाजीच्या देवाशी बोलता. मी तेचां बोलून काय करू?"

पौर्णिमेला धक्क्यावर ही गर्दी. होड्यांना आंब्याचे टहाळे बांधलेले, पोरंटोरं नव्या कपड्यांत, पावण्यांचे मोबाईल हवेत. बाबलला नवा पांढरा शर्ट. त्याने नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. सगळे गप्प. बाबलही गप्प. दाजी तांडेल खाकरले. काकींनी पदर तोंडाला लावला. आणि बाबलने छातीत हवा भरून खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"नमस्कार मंडळी!"

क्षणभर समुद्रसुद्धा थांबला असावा. मग मागून कोणीतरी फिसकलं आणि सगळा धक्का हसायला लागला. दाजी ओरडले, "आवशीक खाव तुज्या! देवाक मंडळी म्हणतंस?"

बाबल कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, संपलं. आता नारळ दाजींच्या हातात जाणार. दाजी एक पाऊल पुढे आलेसुद्धा. पण बाबलने डोळे उघडले नाहीत. हात तसेच जोडलेले. हळू आवाजात, जसा तो माझ्याशी बोलतो तसा, बोलायला लागला.

"बा देवा रामेश्वरा. आपा आसतो तर बरोबर बोललो आसतो. माका बोलाक येणा नाय."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले. पुन्हा हशा पिकला, पण या खेपेला बाबलही थोडा हसला. दाजींनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"पण आता घरात मीच आसंय, तेवा माजांच आयकून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"होडयेत बसात तो पावणो सुखान परत जावंदे. दाजीच्या इंजिनाचो खोकलो बरो होवंदे."

"व्हय म्हाराजा!"

"माजी आवस दिवसभर कोणाशी बोलणा नाय. तिच्या जिवाक कोण तरी बोलणारां गावांदे. चेडू असात तर मी तेच्या तोंडाकडे बघीन रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने दाजी म्हणाले. काकी रडत होत्या आणि हसतही होत्या. मला वाटलं, झालं, आता नारळ सोडायचा. मी पुढे व्हायला लागलो, तर बाबल अजून बोलतच होता.

"आणि ह्यो माजो दोस्त संकेत. कट्ट्याक जाता आणि येता. हसता, पण दमान गेलो हा. कोणाक सांगणा नाय. रातभर तेच्या घरातलो दिवो पेटतो दिसता माका. काय रुतलां हा ता माका ठावक नाय, तुका ठावक. ता काढून टाक, आणि तेका येक रात बरी झोप लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

अख्खा धक्का ओरडला. होडीवाले, कोळणी, माझे शाळेतले मास्तर, लॅबमध्ये रक्त देऊन गेलेली दोनचार माणसं. ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं ते पावणेसुद्धा. तीस वर्षांत माझ्यासाठी कोणी असं काही मागितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. माझे हात जोडलेले होते, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

दाजी तांडेलांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. "तुज्यासाठी मागता हा आणि तूच गप? बोल मरे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"मोठ्यान बोल. देव लांब आसा."

मी मोठ्याने बोललो.