बिनविरोध, बिनआवाज

यंदा मी अध्यक्षपद सोडणार म्हणजे सोडणार होतो! समितीत सांगितलं, घरात सांगितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्यालासुद्धा सांगितलं. न्हावी म्हणाला, "मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात." त्याला काय जातंय बोलायला!

आमची वन्यजीव संरक्षण संस्था. तिचा अध्यक्ष म्हटला की लोकांना वाटतं, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, समोर वाघ. छे हो! अध्यक्ष म्हणजे फोन. "आमच्या गच्चीवर घुबड बसलंय, उठवून न्या." "माळ्यावर साप आहे, या लवकर. पण बूट बाहेर काढा हं, आत्ताच फरशी पुसलीय." अठरा वर्षं मी हे ऐकतोय. दमलो हो! अगदी हाडापर्यंत दमलो. परदेशात लेकीला मुलगी झाली, ती आता चालायलाही लागली, आणि तिच्या लेखी आजोबा म्हणजे फोनमधलं एक टक्कल. जायचं ठरलं की दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा तर खरोखरचं साळिंदर!

शेवटी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं. "या सभेत सुटलात तर दोघं जाऊ. नाही सुटलात तर मी एकटी जाते. आणि परत यायचं की नाही, ते तिथे गेल्यावर ठरवते."

"अगं, या वेळी पक्कं आहे!"

आणि होतंच पक्कं. आमचे उपाध्यक्ष म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्यांना वर्षभर चहा पाजून पाजून मी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "डॉक्टर, तुमच्याइतका लायक माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही!" डॉक्टर लाजत म्हणाले होते, "बघू." आमच्या संस्थेत 'बघू' म्हणजे होकारच. सभेत मी उठायचं, चार शब्द बोलायचे, डॉक्टरांचं नाव सुचवायचं, टाळ्या, हारतुरे, विमान!

पण मधे ते पिल्लू होतं.

तळ्याकाठी क्रौंच पक्ष्याचं एक पोरकं पिल्लू सापडलं होतं. असं पिल्लू माणसाच्या हातून वाढलं की ते स्वतःला माणूसच समजायला लागतं आणि पुढे आपल्या कळपात जातच नाही. म्हणून त्याला भरवणाऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी ओढायची, हातात क्रौंचाच्या डोक्याचा मोजा चढवायचा आणि त्या चोचीनं घास द्यायचा. पिल्लाला माणसाचा चेहरा दिसता कामा नये आणि माणसाचा आवाज ऐकू येता कामा नये. नियम माझाच. मीच तो ठसठशीत अक्षरांत लिहून भिंतीवर लावलाय. पिल्लाला नाव ठेवायचं नाही, असाही नियम आहे. नावं आम्ही फक्त एकमेकांना ठेवतो.

सभेच्या दिवशी भरवणारी बाई तापानं आडवी. मी सभेत. मग उरलं कोण? संस्थेची जुनी सभासद, म्हणजे माझी बायको!

"हे शेवटचं," झगा चढवत ती म्हणाली. "आज सुटला नाहीत ना, तर याच झग्यात विमानतळावर जाईन."

सभागृह आणि पिल्लाची खोली यांच्यात एकच दार. सभा सुरू झाली. आमच्या सचिव वकीलबाई, नियमाला अगदी पक्क्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "निवडणूक आजच्या आज झाली पाहिजे. नाही झाली, तर घटनेप्रमाणे जुनेच पदाधिकारी पुढची पाच वर्षं चालू!" मग हिशेब, ठराव, चहा यांत बराच वेळ गेला. मी उठलो, घसा खाकरला, "मित्रहो..." म्हणालो.

आणि दार उघडलं.

दारात पांढरा झगा! बाईसाहेब खात्री करायला आल्या होत्या, हा माणूस खरंच पद सोडतोय ना! अठरा वर्षांचा अनुभव, तिचा तरी काय दोष? पण एक गोष्ट ती विसरली. झगा जिथे जाईल तिथे पिल्लू जातं. मागोमाग ते आलंच, विणायच्या सुयांसारखे पाय टाकत, थेट सभागृहाच्या मधोमध!

मी तोंडावर बोट ठेवलं. आमचे सभासद मात्र तयारीचे! क्षणात सगळ्यांनी हातातला वार्षिक अहवाल चेहऱ्यासमोर धरला. इतक्या वर्षांत आमच्या अहवालाचा कुणाला उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

बायकोनं चोच हलवून पिल्लाला मागे बोलावलं. पिल्लू कसलं ऐकतंय? त्याला डॉक्टरांच्या बुटाची नाडी दिसली. गांडूळच ते! ओढायला लागलं. डॉक्टर अहवाल तोंडावर धरून खुर्चीतल्या खुर्चीत वाकले आणि दुसऱ्या हातानं नाडी सोडवायला लागले. पिल्लाला हुसकावता येईना, ते बिथरलं असतं. थांबावं, तर वकीलबाई घड्याळ दाखवत होत्या. सभागृह पुढच्या तासाला दुसऱ्यांनी घेतलेलं, आमची वेळ संपत आलेली. बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, "अध्यक्षपद : नाव सुचवा. खुणेनं!"

मीही अहवाल तोंडासमोर धरला आणि मोकळ्या हातानं खुणा सुरू केल्या. आधी स्वतःकडे बोट आणि जोरजोरात नकार. एवढं लोकांना कळलं. मग डॉक्टरांकडे बोट केलं. पण डॉक्टर खुर्चीखाली गेलेले, आणि माझ्या बोटाच्या नेमकं समोर उभा होता झगा!

अहवालांच्या कडांवरून चाळीसएक भुवया वर गेल्या.

मी मान हलवली. तसं नव्हे! म्हटलं, नीट समजावून सांगू. हिच्याबरोबर जायचंय मला! म्हणून हिच्याकडे बोट केलं, हात पसरून विमान केलं, आकाशाकडे बोट दाखवलं आणि शेवटी कळवळून छातीवर हात ठेवला. लोकांनी काय घ्यावं? हिच्या हाती संस्था भरारी घेईल, ही माझी मनापासूनची इच्छा!

एवढ्यात डॉक्टर खालून वर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं. त्यांना सगळं बरोबर कळलं होतं, ही माझी अजूनही शपथेवर साक्ष आहे! पण सुटकेची वाट दिसल्यावर शहाणा माणूस कशाला थांबेल? पहिला हात वर झाला तो डॉक्टरांचा. मग रांगाच्या रांगा वर.

बायको घाबरली. 'नाही, नाही' म्हणायला तिनं हातातली चोच गदागदा हलवली. पिल्लाला वाटलं, जेवायला बोलावलं! नाडी सोडून ते धावत गेलं आणि तिच्या झग्याखाली शिरून बसलं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी अहवालामागे डोळे पुसले.

वकीलबाईंनी फळ्यावर लिहिलं, "हरकत?"

होती ना हरकत! जिभेच्या टोकावर होती! मी तोंड उघडलंही. तेवढ्यात झग्याखालून पिल्लानं डोकं बाहेर काढलं आणि मान वाकडी करून माझ्याच दिशेनं कान दिला. एक शब्द बोललो असतो, तर निवडणूक अडली असती; पण ते लेकरू कदाचित जन्मभर माणसांच्या मागे फिरलं असतं. पंधरवड्यात त्याचा कळप तळ्यावर उतरणार होता. मला फार वाईट वाटलं. गिळला शब्द.

"बिनविरोध," बाईंनी लिहिलं. संस्थेच्या इतिहासात न भांडता पार पडलेली ही पहिली सभा.

पिल्लाला खोलीत झोपवून बायको मागच्या अंगणात आली आणि तिनं जाळी वर केली. मी मान खाली घालून उभा राहिलो.

"काय केलंत हे!"

"अगं, मी डॉक्टरांकडे बोट केलं होतं!"

"डॉक्टर खुर्चीखाली होते!"

"राजीनामा देऊन टाक उद्या."

ती हळूच म्हणाली, "अहो, घरात पंखा बंद करा म्हटलं तरी माझं कुणी ऐकत नाही. इथे तोंडही उघडलं नाही, तर सगळ्यांनी हात वर केले." आणि चोचीचा मोजा काढून तिनं माझ्या हातात दिला. "संध्याकाळचं तुम्ही भरवा. मला वकीलबाईंशी बोलायचंय."

तर मी सुटलो! माझं कुणीही अभिनंदन केलं नाही. पहाटे झगा, दुपारी झगा, संध्याकाळी झगा. गुडघे बोलतात, मला बोलायची बंदी.

बायको परवा लेकीकडे गेली. मलाही न्यायची तिची फार इच्छा होती, पण कळप येईपर्यंत पिल्लाला सोडून जायची परवानगी समिती मला देईना. आणि तिला कशी मिळाली? तिनं अध्यक्ष म्हणून स्वतःची रजा स्वतःच मंजूर केली. शिक्का मारला, पेटी उचलली, निघाली! असं करता येतं, हे अठरा वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो!