विरही ढोलाचे प्रकरण

स्थळ : छत्रपती संभाजीनगर, क्रांती चौकापासून रिक्षावाला 'हे काय, इथंच' म्हणतो तितक्या अंतरावरील एका दुमजली इमारतीचा वरचा मजला. काळ : चालू वर्षाच्या फेब्रुवारीतील शुक्रवार, सकाळ, नळाला पाणी येण्याचा वार. पाण्याची नेमकी वेळ येथे नमूद करता येत नाही, कारण ती कोणालाच ठाऊक नसते.

मी बद्रीनाथ औताडे, खासगी अन्वेषक. उदरनिर्वाहासाठी मी उभी हयात एका छापखान्यात मुद्रिते तपासली. ज्याने ओळीतून निसटलेले अनुस्वार पकडले, त्याला माणसे पकडणे मुळीच अवघड नाही, असे माझे मत असून त्याचे खंडन आजवर कोणी केलेले नाही. (माझी पत्नी द्वारकाबाई करते, परंतु स्वयंपाकघरातून केलेले खंडन मी ग्राह्य धरीत नाही.) माझी दृष्टी तीक्ष्ण, तर्क निर्दोष आणि स्मरणशक्ती अशी की चष्मा कोठे ठेवला एवढे वगळता मी काहीही विसरत नाही. शहागंजात हरवलेली डाव्या पायाची चप्पल मी एका दुपारीत शोधून काढली होती. ती दुसऱ्याच कोणाची निघाली, हा तपशील तपासाच्या गुणवत्तेशी संबंधित नाही.

त्या सकाळी माझी पुतणी तनुजा समोर येऊन उभी राहिली. ती फुलंब्रीहून शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली आहे.

"काका, वाजत नाहीये."

"काय वाजत नाही? वाक्याला कर्ता असू दे."

"ड्रम."

तिने माझ्यापुढे एक पांढरी, चाळणीसारखी भोकाभोकांची पट्टी ठेवली. तीत रंगीबेरंगी वायरी, एक बटण आणि मुंग्यांएवढे काही सुटे भाग खोवलेले होते; शेजारी बॅटरी आणि मैत्रिणीकडून आणलेला दणकट स्पीकर. कातडे नाही, टिपरू नाही, ढोलाचे पोटही नाही. तरी बटण दाबले की विजेच्या करामतीने स्पीकरमधून ढोलासारखा 'धप्' असा नाद निघावा, अशी ही योजना. तनुजाने आकृती पाहून ती स्वतः जुळवली होती. हा तिचा पहिलाच प्रयत्न.

"उद्या संध्याकाळी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला हा वाजवायचाय," ती म्हणाली. "आणि ऋतुराज आत्ताच म्हणतोय, तुझं ते डबडं राहू दे, मी लॅपटॉपवरून ड्रम लावतो, तू बाजूला उभी राहून टाळ्या वाजव."

"कोण ऋतुराज?"

"आमच्या ग्रुपमधला. काका, मी टाळ्या वाजवणार नाही. आज हा वाजला नाही तर मी जाणारच नाही."

तिचा आवाज किंचित ओला झाला होता. मी खुर्चीत ताठ बसलो. "लक्षणे सांग."

"बटण दाबलं की गप्प. आणि कुणी हात लावला नाही तर आपोआप वाजतो. मागच्या पाण्याच्या दिवशी वाजला, मग मधले सगळे दिवस चिडीचूप, आणि आज सकाळपासून परत सुरू."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्याच्याआधी माझ्या नळाचं बघा! लई बारीक धार येतीय. खाली नानासाहेबांच्या टाक्या भरून वाहायल्यात आन् आपल्याकडं थेंब थेंब. कामून?"

"द्वारके, पाण्याचा दाब हा गुन्हा नव्हे, ते भौतिकशास्त्र आहे. अन्वेषक भौतिकशास्त्राला अटक करीत नाही."

"मग कुणाला करता?"

मी पट्टीवर भिंग फिरवले. "हा निळा, बुटका इसम कोण?"

"कपॅसिटर. तो वीज साठवून ठेवतो," तनुजा म्हणाली.

"साठवून ठेवतो! आणि स्वतःच्या तोंडाने कबूल करतो?"

"तो नाही, मी सांगतेय."

"साठेबाज आहे. बटण दाबले असता द्यायची वीज दडवतो आणि कोणी पाहत नाही असे वाटले की सोडतो. उपटून काढ त्याला."

साठेबाजाला वाटीखाली कैद करण्यात आले. तनुजाने पुडीतला दुसरा कपॅसिटर त्याच्या जागी बसवला आणि बटण दाबले. शांतता. आम्ही दोघे पट्टीकडे पाहत असतानाच, बटणाला कोणाचाही स्पर्श नसताना, स्पीकर गरजला : धप्!

"गेली!" द्वारकाबाई आतून ओरडली. "होती ती बी धार गेली!"

"द्वारके, तपासात व्यत्यय आणू नकोस."

मी दुसऱ्या संशयिताकडे वळलो. त्याचे नाव ट्रान्झिस्टर. याला तीन पाय असतात, आणि तीन पायांचा प्राणी सरळ चालीचा असल्याचे उदाहरण मला ज्ञात नाही. तनुजाने तो बदलला, उलटा बसवला, पुन्हा सुलटा बसवला. बटण मुके ते मुकेच. मग ढोल स्वतःहून धपापला, आणि थोड्याच वेळात दारावर थाप पडली.

दारात नानासाहेब होते. आमच्या खाली राहतात, आणि इमारतीचे अध्यक्षपद कोणी न देताच त्यांनी स्वीकारले आहे. 'नळाला मोटार लावून पाणी ओढणे हा शेजाऱ्यांचा द्रोह आहे' ही जिन्यातील पाटी त्यांनीच रंगवली. वृत्तीने धार्मिक, पाण्याच्या दिवशी तर त्यांच्या घरी पहाटेपासून इतक्या मोठ्याने भजने लागतात की त्यांच्या घरातला दुसरा कसलाही आवाज बाहेर येत नाही.

"औताडेसाहेब, ये क्या लगा रख्खा है?" ते धापा टाकत म्हणाले. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि पाय ओलेचिंब. "मी खाली जरा हात घातला, की वर धप्! हात काढला, की धप्! माणसानं पूजा करावी की नाही?"

मी त्यांच्या पायांकडे पाहिले. निरीक्षण हा माझा स्वभाव आहे. "पाय धुऊन आलात, नानासाहेब. एखाद्याच्या उंबरठ्यावर असे येण्याचा संस्कार आता दुर्मीळ झाला."

"आं? हो, हो. संस्कारच."

"अहो, आली की धार!" आतून आनंदाची आरोळी आली. "बादली भरायली!"

"पाहिलेत? आपला पायगुण!" मी म्हणालो. "पाण्याच्या दिवशी येत चला."

नानासाहेबांना हे कौतुक मानवले नसावे. ते घाईघाईने उतरले. क्षणभराने धप्! आणि स्वयंपाकघरात बादलीचा नाद थांबला.

"अहो," द्वारकाबाई आता दारातच येऊन उभी राहिली, "हे धप् झालं की धार जाती. परत धप् झालं की येती. दोनदा बघितलं मी."

"कार्यकारणभाव आणि योगायोग यांतील भेद मी तुला लग्नाच्या पहिल्या वर्षी समजावला होता."

"तव्हाबी पाणीच भरायले होते मी."

मी तिकडे दुर्लक्ष केले, कारण माझ्या मनात एक भव्य सिद्धांत आकार घेत होता. "तनुजा, खाली जा. मुख्य दाराला हात लाव आणि परत ये."

तनुजा जिना उतरू लागली. तिच्या सँडलांचा टपटप आवाज जिन्यात घुमला आणि इकडे ढोल कडाडला : धप्! ती परत वर आली, दार लागले, आणि पुन्हा : धप्! मी तिला आणखी एकदा पाठवले. तोच क्रम. माझे डोळे पाणावले.

"हे यंत्र विरही आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"तू दूर जातेस, ते व्याकुळ होऊन एकदा आक्रंदते. तू परततेस, ते हर्षाने एकदा नाद करते. तू जवळ बसलेली असताना मात्र त्याला वाजण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून बटण निष्प्रभ. उपाय एकच. उद्या तू रंगमंचावर असू नकोस. दारातून ये-जा कर."

तनुजा पट्टीकडे पाहत खाली बसली. मग मोबाइल उचलून म्हणाली, "मी ऋतुराजला सांगते लॅपटॉप आण म्हणून."

"थांब, बाई," द्वारकाबाई म्हणाली. "तो मेसेज आत्ता धाडू नको."

तिने पायांतली स्लीपर काढून दाराशी ठेवली, पदर खोचला, आणि मांजरीने उतरावे तशी अनवाणी जिना उतरून गेली. या वेळी ढोल वाजला नाही. माझा सिद्धांत पत्नीच्या विरहाला लागू पडत नाही, याची मी मनोमन नोंद घेत होतो, तोच खालून भजनावर मात करणारा आवाज आला.

"गोधडीखाली झाकलीय व्हय मोटार! जिन्यात पावलं वाजली की बंद, गेली की चालू!"

"वहिनी, वहिनी, माझं ऐका तरी—"

"बाजूला व्हा. तनुजा! ऐकायलीस का? मी बटण बंद करायले बघ!"

धप्!

"आता चालू!"

धप्!

"वाजलं का?"

"वाजलं, काकू!" तनुजा कठड्याला लोंबकळत ओरडली. "परत कर! परत!"

यानंतर जे घडले त्याचे वर्णन मी संयमाने करतो. जिन्याखाली माझी पत्नी नानासाहेबांच्या मोटारीचे बटण खालीवर करीत होती आणि आमच्या दिवाणखान्यात ढोल वाजत होता : धप्, धप्, धप्धप्, धप्. त्या यंत्राचा तो पहिला ताल. खाली भजन चालूच होते, आणि ते ढोलाशी जमतही होते.

तनुजा धावत आत आली आणि पट्टीवर ओणवी झाली. "म्हणजे मोटारीच्या बटणाची ठिणगी हा पकडतोय! पण कशानं?" तिने एकेक वायर बोटाने चाचपली. मग कपाळावर हात मारला. "अरे यार. काका, बटणाची वायर बघा."

"तिची चौकशी मी केलेली नाही. ती सभ्य दिसली."

"ती बटणापर्यंत गेलीच नाहीये. शेजारच्या रिकाम्या भोकात घातलीय मी. नुसतं शेपूट हवेत राहिलं, म्हणून बटण दाबून काही होत नव्हतं, आणि ते शेपूट जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखं इकडचं तिकडचं सगळं ओढत होतं."

तिने वायर उपटली, एक भोक सरकवून पुन्हा खोवली आणि श्वास रोखून बटण दाबले. धप्! पुन्हा दाबले. धप्! ती हसत सुटली. मग थांबून तिने मोबाइलवर काहीतरी टाइप केले. मी डोकावलो. ऋतुराजला एवढेच लिहिले होते : 'टाळ्या तू वाजव.'

द्वारकाबाई वर आली. मागोमाग, मोटार बगलेत आणि मान खाली, नानासाहेब. त्यांनी तनुजाला एकवार मोटारीचे बटण दाबून पाहायला सांगितले. तिने त्यांच्या मोटारीची पिन आमच्या भिंतीत खोचली, चालू केली, बंद केली. ढोल गप्प. नानासाहेबांचा चेहरा क्षणात खुलला.

"झाला म्हणायचा दुरुस्त! एकदम पक्का! आता नाही ना वाजणार आपोआप?"

"नाही वाजणार," तनुजा म्हणाली.

"चांगलं झालं, बेटा. फार चांगलं झालं." मोटार कुरवाळत ते वळले.

मी प्रकरणाचा समारोप करण्यासाठी घसा साफ केला. साठेबाजाचा संशय मला सकाळीच आला होता, फक्त मी त्याला पट्टीवर शोधत होतो, हे मी विस्ताराने मांडणार होतो. परंतु द्वारकाबाई नानासाहेबांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे आणि मग ढोलाकडे पाहत होती. स्वयंपाकघरात नळाची धार बादलीत जोरात कोसळत होती.

"तनुजा," ती म्हणाली, "उद्या कार्यक्रम कर, झकास वाजव. तिथून घरी आलीस की ती वायर होती त्याच भोकात परत घालायची."