अक्षरांचा केर

"या वेळी माणसाचा हात लागणार नाही," असं तिने लॅबच्या डॉक्टरांना सकाळीच सांगितलं होतं. रक्ततपासणीचे रिपोर्ट जिथे दिसत, त्या वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी दुपारी संपणार होतं. त्याच दिवशी सकाळी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि आईकडे जायची तिची बस आज संध्याकाळी सातची होती.

दर तीन महिन्यांनी हे सर्टिफिकेट नव्याने घ्यावं लागे. देणारी संस्था त्रेचाळीस अगम्य अक्षरं पाठवी. ती साइटच्या नावाच्या नोंदींत, म्हणजे डीएनएसमध्ये, लावून दाखवली की नाव आपलंच हे सिद्ध होई. पण नोंदींचं खातं सासऱ्यांकडे होतं. ते लॅबचे पहिले व्यवस्थापक. निवृत्त झाले, तरी खातं काही सुटलं नव्हतं. ती ऑफिसातून फोनवर अक्षरं सांगे, ते घरी बसून टाइप करत.

"मोठा क्यू की छोटा?"

"मोठा, बाबा."

अर्धा तास सहज जाई. म्हणून तिने हे सगळं करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला खातं वापरायचा परवाना सासऱ्यांकडून मागून घेतला.

"म्हणजे आता फोन नाही येणार?" सासऱ्यांनी विचारलं होतं.

"नाही बाबा. तुम्हाला कशाला त्रास?"

अकरा वाजता प्रोग्रॅमने अक्षरं लावली, नोंद सगळीकडे पोचावी म्हणून पाच मिनिटं वाट पाहिली आणि संस्थेला कळवलं. उत्तर आलं, नोंद सापडली नाही. बारालाही तेच. एकलाही. तिने प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला. चूक नव्हती. चारला सहावा प्रयत्न फसला, तेव्हा डॉक्टर टेबलापाशी आले.

"हात लावायचा नव्हता ना?"

"नाही लावला, डॉक्टर. म्हणूनच कळत नाहीये."

लॅपटॉप घेऊन ती घरी आली. बॅगेत भरायला पलंगावर काढून ठेवलेले कपडे घड्या होऊन कपाटात परत गेले होते. सासऱ्यांना पसारा खपत नसे. चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत कप धुऊन पालथा झालेला असे.

"आज बसायला फुरसत नाही मिळाली," ते गंभीरपणे म्हणाले. "आपल्या खात्यात कुणीतरी केर टाकतंय. नुसती अक्षरं, ना अर्थ ना काही. सहा वेळा टाकला, सहा वेळा काढला. नवी नोंद झाल्याचा फोनवर मेसेज आला की दोन मिनिटांत साफ."

ती खुर्चीत बसली.

"बाबा, ती मी टाकत होते."

"तू? पण तुझा फोन तर आला नाही."

तिने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि त्यांना समोर बसवलं. पाच मिनिटं त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. साडेपाचला सर्टिफिकेट आलं.

काम झाल्यावर नोंद पुसायची, ही प्रोग्रॅममधली शेवटची ओळ होती. तिने ती खोडून टाकली.

"हा केर आता तुमचा, बाबा. काढा."

त्यांनी काढला. मग कपाटातले तिचे कपडे आणून स्वतःच बॅगेत भरले. बस मिळाली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "आता सगळं आपोआप होतं ना?"

"अगदी सगळं," ती म्हणाली, तोच फोन वाजला.

"सूनबाई, पाच मिनिटं झाली. आलं का? काढू?"

"काढा, बाबा."