अमेरिकेची स्थळं बघणारे सबनीसकाका

सबनीसकाकांबरोबर इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला बसायचं, तर मी आधी आजूबाजूला कुणी गोरा माणूस नाही ना, हे बघून घेते. असला, तर काका ताट सोडून उठणार, तो अमेरिकन आहे का विचारणार, आणि तो 'हो' म्हणाला की अदबीनं म्हणणार, "सर, तुमच्या गव्हर्नरबाईंची जन्मवेळ मिळेल का?"

मध्यंतरी विद्यापीठातला एक प्राध्यापक असा सापडला. भला माणूस. "कशाला हवी?" म्हणाला. "फॉर मॅचिंग," काका म्हणाले. म्हातारबुवांना गव्हर्नरबाईंशी लग्न करायचंय अशी त्याची समजूत झाली असावी. जाताना तो माझ्याकडे बघून फार सहानुभूतीनं हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका जहाजावर चीफ इंजिनियर होते. आता निवृत्त होऊन क्लेमेंटीत आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या डोक्यावर राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी मृण्मयी शिकागोला. छंद एकच. अमेरिकेच्या पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपदाला कोण उभं राहील आणि उपाध्यक्ष म्हणून त्याच्या जोडीला कोण येईल, याचे तर्क लढवणं. तर्क सगळेच लढवतात. काका पत्रिका जुळवतात.

"हे लग्नच आहे गं," ते मला समजावतात. "उपाध्यक्षानं माहेराहून एखादं राज्य आणायचं, सभेत जोडीदाराच्या मागे उभं राहून हसायचं आणि चारचौघांत उलट बोलायचं नाही. मग नको पत्रिका बघायला?"

साठीच्या सिनेटरबाई त्यांच्या तोंडी 'मिशिगनची मुलगी' असतात. टेक्सासच्या धिप्पाड गृहस्थांना ते 'स्थळ' म्हणतात. "स्थळ तालेवार आहे, पण मंगळ कडक. उपाध्यक्ष टिकायचा नाही."

हे सगळं लिफ्टमध्ये, मोठ्यानं. आमच्या मजल्यावरची चिनी आंटी मला परवा म्हणाली, "युवर अंकल ह, ही मॅरेज ब्रोकर इज इट?" मी "नो, नो" म्हणत दोन मजले आधीच उतरले.

गंमत म्हणजे एकही जोडी काकांना पसंत पडत नाही. पेपरवाल्यांना आवडलेली एक जोडी मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितली, तर म्हणाले, "नाडी एक आहे दोघांची."

"अहो काका, त्यांना काय मुलं व्हायचीयत?"

"सरकार चालवायचंय ना? मुलांपेक्षा वाईट असतं ते."

गेल्या रविवारी सकाळी बेडोकला कुलकर्ण्यांच्या नव्या कॉन्डोत वास्तुशांत होती. मी काकांना घेऊन गेले. फंक्शन रूममध्ये सगळे बँकवाले. काकांनी प्रसादाचा शिरा खाता खाता कॅलिफोर्नियाचं आणि ओहायोचं षडाष्टक जाहीर केलं आणि लोक गालातल्या गालात हसायला लागले. मी खिडकीतून स्विमिंग पूल बघत उभी राहिले, जणू हे कोण गृहस्थ मला ठाऊकच नाहीत.

तेवढ्यात कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "काका, त्या अमेरिकेला कशाला तुमची विद्या? आमच्या सईसाठी स्थळ आलंय. तेवढी पत्रिका बघून द्या ना."

काकांचा चमचा थांबला. "घरच्यांच्या मी बघत नाही."

"असं कसं? तिकडच्यांच्या बघता आणि..."

"वहिनी, मी एकच जुळवली होती. आमच्या मृण्मयीची. बत्तीस गुण आले होते." ते डिशकडे बघून बोलत होते. "तिला मुलगा आवडला नव्हता. तसं म्हणालीही होती ती. मी तिला तो आकडा दाखवला. मोडलं ते लग्न. मोडायच्या आधी पोरीनं बरंच सोसलं. तेव्हा सईलाच विचारा तुम्ही."

वहिनींनी उगीच आणखी शिरा वाढला. आणि मी? इतका वेळ मला काकांची लाज वाटत होती, ती आता माझ्यावरच उलटली. एवढी वर्षं डोक्यावर राहणारा माणूस. मृण्मयी कशी आहे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

परतताना एमआरटीच्या गाडीत काका स्वतःहूनच बोलले. मृण्मयी दर रविवारी फोन करते. झाल्या गोष्टीबद्दल ती बोलत नाही आणि यांना तोंड नाही. पहिल्यांदा नुसतं हवामान व्हायचं, तेही आटलं. मग एकदा तिनं तिकडच्या उमेदवारांचं काही सांगितलं, यांनी गमतीनं पत्रिका काढली आणि ती हसली. लग्न मोडल्यावर पहिल्यांदा.

"तेव्हापासून ती नावं सांगते, मी खोट काढतो. मी एक जोडी मोडली की पुढच्या रविवारी ती दुसरी आणते."

"आणि एकदा जोड्या खरंच जाहीर झाल्या की?"

काका म्हणाले, "त्याचीच धास्ती आहे गं."

फोन वाजला. तिकडे शनिवारची रात्र. काका सावरून बसले. "हां, बोल. कोण? नेवाडाचा? आणि ती मिशिगनची? बरं, बरं..." त्यांनी सवयीनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. मग अंगठा थांबला.

"मृण्मयी, पत्रिका राहू दे. त्या दोघांचं एकमेकांशी पटतं का गं? तिला... तिला कुणी विचारलंय का, हा चालेल का तुला म्हणून?"

काकांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मी विचारायला हवं होतं बाळा तुला. तू सांगत होतीस आणि मी गुण मोजत बसलो. चुकलो मी."

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. बराच वेळ काका नुसते ऐकत होते. मधूनच "हं" म्हणत होते आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होते. समोर बसलेली माणसं बघत होती. बघू देत.

क्लेमेंटी आलं. दारं उघडली, मिटली. मी काकांना हलवलं नाही.